शेवटचा डबा आला का?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, जबलपूर येथे मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



महिन्यापूर्वी सचिवांचा फोन आला, "यंदा चौथ्या दिवशी तुमचे भाषण ठेवतो आहे. विषय, इंटरनेट आणि एकाग्रता." मी म्हटले, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. रूळ आणि गिट्टी यापलीकडे मला काय कळते? एखाद्या प्राध्यापकांना बोलवा." ते म्हणाले, "प्राध्यापक मागच्या वर्षी आले होते. निम्मे लोक फोन बघत बसले. तुमच्यापुढे निदान तुमच्या हाताखालचे लोक तरी फोन खिशात ठेवतील." तेव्हा माझी निवड कशी झाली हे आपल्या लक्षात आले असेल.

नमनाला घडाभर तेल घालत नाही. आताच आरती झाली. मी मुद्दाम मागे उभा होतो. टाळ्यांचा आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हे जुन्या मंडळींना जाणवले असेल. भक्ती कमी झाली असे मला वाटत नाही. कारण साधे आहे, टाळीला दोन हात लागतात आणि एका हातात फोन असतो. मी कुणाला नावे ठेवत नाही. परवा पहिल्या दिवशी मी स्वतः अर्धी आरती भुसावळच्या बहिणीला व्हिडिओ पाठवण्यात घालवली, आणि उरलेली अर्धी तिचा अंगठा आला की नाही हे बघण्यात.

एक योगायोग सांगतो. २०१६ सालची गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला होती. आणि त्याच ५ सप्टेंबरला जिओची सेवा देशभर सुरू झाली. त्याआधी आपण महिन्याला एक जीबी डेटा घ्यायचो आणि तो साजूक तुपासारखा पुरवून पुरवून वापरायचो. त्यानंतर तो नळाच्या पाण्यासारखा झाला. म्हणजे घरात बाप्पा आणि खिशात भरमसाट इंटरनेट, दोघेही एकाच दिवशी आले. बाप्पा दहा दिवसांनी परत गेले.

इंटरनेटच्या विरुद्ध बोलायला मी उभा नाही. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. मी इकडे आलो तेव्हा मराठी पेपर वाचायचा तर नागपूरहून येणाऱ्या शिळ्या पेपरची वाट बघावी लागे, आणि तो चार घरांत फिरून आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कुणीतरी पोहे खाल्लेले असत. आज सकाळी सहाला गावाकडचा पेपर हातात असतो. गावी आई एकटी आहे, ती रोज डोळ्यांनी दिसते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांचे वर्ष याच फोनवर निभावले. हे उपकार मी विसरलेलो नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. घरीही नाही. आमची सौ. तिसऱ्या रांगेत बसली आहे, तीही आज पहिल्यांदाच ऐकणार आहे.

जानेवारी २०१८. माझी नेमणूक तेव्हा दुसऱ्या विभागात होती, सेक्शनचे नाव सांगत नाही. सकाळी साडेसातला पुश ट्रॉलीवरून तपासणीला निघालो. जे रेल्वेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, पुश ट्रॉली म्हणजे रुळावर चालणारे चार चाकांचे बाकडेच. ट्रॉलीमन मागून ढकलतात, इंजिनियर पुढे बसतो आणि रूळ, स्लीपर, क्लिपा, गिट्टी, पूल सगळे नजरेखालून घालतो. बसून करायचे काम, म्हणून बघणाऱ्याला वाटते साहेबांची मजा आहे. पण त्या दहा-बारा किलोमीटरमध्ये सरकार आम्हाला पगार देते तो फक्त बघण्याचा आणि ऐकण्याचा.

कडाक्याची थंडी होती. थंडीत रूळ आखडतो. पूर्वीच्या रुळांना थोड्या थोड्या अंतरावर सांधे असत, त्यामुळे आखडायला जागा मिळे. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब एकसंध केलेला असतो. त्याला आखडता येत नाही, म्हणून तो ताणला जातो, आणि एखादा वेल्ड कच्चा असला तर तिथे तुटतो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे होते. म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी, मी नेमके तेच शोधायला निघालो होतो.

कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशीच्या कामाचे फोटो मागितले होते. फोन दोनदा वाजला, मी सोडून दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काढला. म्हटले, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. फोटो निवडले, पाठवले. खाली कुणीतरी एक विनोद टाकला होता, तोही वाचला. विनोद काय होता ते आज आठवतही नाही. ट्रॉली उतारावर होती, ट्रॉलीमन कानाला मफलर गुंडाळून मागे बसले होते. चाकाखाली 'खट्' असा आवाज झाला. मी तो ऐकला. आणि पुढे गेलो.

रेल्वेतल्या मंडळींच्या लक्षात आले असेल. सांध्यांच्या रुळावर खटखट हाच गाडीचा आवाज असे, आपल्या लहानपणी त्या तालावर झोप लागायची. पण त्या जागी एकसंध रूळ होता. तिथे सांधाच नव्हता, मग खट् आला कुठून? काल नोकरीला लागलेला ट्रॅकमनसुद्धा हा प्रश्न विचारील. माझ्या कानांनी त्यांचे काम केले होते. ज्याने ऐकायचे तोच जागेवर नव्हता.

पुढच्या स्टेशनवर ट्रॉली रुळावरून उतरवली. मागून एक पॅसेंजर आली आणि गेली. मी चहा घेत होतो तेवढ्यात निरोप आला की समोरून पायी येणाऱ्या चाबीवाल्याला वेल्ड तुटलेला सापडला आहे, बोट जाईल एवढी फट आहे. त्याने नियमाप्रमाणे लाल झेंडी दाखवून, रुळावर डेटोनेटर लावून मागची मालगाडी थांबवली होती. आम्ही धावलो. जॉगल्ड फिशप्लेट लावल्या, क्लॅम्प आवळले, गती बांधून गाड्या सोडल्या. मधल्या काळात ती पॅसेंजर त्या फटीवरून गेली होती. तिला काही झाले नाही. थंडीचे दिवस, सगळ्या खिडक्या बंद होत्या, आत माणसे झोपलेली असतील.

अहवालात चाबीवाल्याचे नाव गेले, त्याला बक्षीस मिळाले, ते योग्यच झाले. त्याच जागेवरून थोड्या वेळापूर्वी इंजिनियरची ट्रॉली गेली होती, हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर "तेव्हा तुटला नसेल" असे म्हणता आले असते. काही दिवस मी स्वतःलाही तेच सांगत होतो. पण तो खट् मी ऐकला होता.

माझे नशीब थोर. सगळ्यांचे नसते. १२ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ येथे एका लोकल गाडीच्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि समोरून येणाऱ्या मालगाडीवर गाडी आदळली. २५ माणसे गेली. चौकशीत निघाले की तो मोबाईलवर संदेश पाठवत होता. शेवटचा संदेश टकरीच्या २२ सेकंद आधीचा. ९ फेब्रुवारी २०१६ ला जर्मनीत बाड आयब्लिंग येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, १२ माणसे गेली. तिथे गाड्या सोडणारा कर्मचारी मोबाईलवर खेळ खेळत होता. हे दोघे काही दुष्ट नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांनाही वाटले असेल, अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

त्या चाबीवाल्याला मी नंतर विचारले, "ड्यूटीवर तुझा फोन कुठे असतो?" तो म्हणाला, "साहब, खाने के डिब्बे में." मला वाटले आता हा कर्तव्यनिष्ठेवर काहीतरी सुनावणार. पण कारण भलतेच निघाले. खिशात ठेवला तर क्लिपवर हातोडा मारायला वाकले की फोन गिट्टीत पडतो. एकदा काच फुटली, आठशे रुपये गेले. तेव्हापासून फोन पोळ्यांबरोबर डब्यात, आणि डबा पाठीवरच्या झोळीत.

मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. कारण तोपर्यंत मी समजत होतो की लक्ष ही स्वभावाची गोष्ट आहे. कुणाचे असते, कुणाचे नसते. मुलांना आपण म्हणतो ना, "तुझे लक्षच थाऱ्यावर नाही", जणू ते लक्ष त्यांनी मुद्दाम कुठे लपवून ठेवले आहे. चाबीवाला माझ्यापेक्षा थोर होता म्हणून त्याला ती फट दिसली असे मला वाटत नाही. त्याचा फोन डब्यात होता आणि माझा मांडीवर.

आणि खरे म्हणजे आपल्या रेल्वेला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. माणसाच्या लक्षावर रेल्वेने कधी भाबडा विश्वास ठेवलेला नाही. चाबीवाल्याला नियम आहे की जाताना एका रुळाने जायचे आणि येताना समोरच्या रुळाने यायचे. का? एकच वाट दोनदा तुडवली की डोळे उघडे असूनही दिसेनासे होते. इंजिनात चालक आणि सहायक चालक प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. दोघांनाही तो दिसतच असतो. पण डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने म्हटले की ते मनाच्या वहीत नोंदले जाते. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून उच्चार करायची पद्धत आहे. आपल्याकडे अथर्वशीर्षाची आवर्तने मोठ्याने करतात, त्यातही मला आता हाच हिशेब दिसतो. मनात म्हणायला गेलो तर तिसऱ्या आवर्तनाला आपण भाजी काय आणायची यावर येतो.

१९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. युद्धात रडारवर बसणारे लोक काही वेळाने शत्रूच्या खुणा का चुकवतात, हा त्याच्यापुढे प्रश्न होता. त्याने माणसांना एका घड्याळासारख्या तबकडीपुढे दोन तास बसवले. काटा एकेक घर पुढे सरकायचा, क्वचित एकदम दोन घरे उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचे. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या. तेव्हा ना इंटरनेट होते, ना मोबाईल. म्हणजे आपले चित्त मुळातच चंचल, हे गृहीत धरून चालावे लागते. इंजिनात म्हणूनच व्हिजिलन्स कंट्रोल नावाचे यंत्र बसवलेले असते. चालकाने मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही बटण दाबले नाही तर गाडीला ब्रेक लागतो.

आता गंमत बघा. हे यंत्र माणूस गाफील झाला की वाजते. आपला फोन माणूस कामात गुंतला की वाजतो. दोन्ही यंत्रे हुशार माणसांनीच बनवली आहेत. एकाने लक्ष राखायला, दुसऱ्याने ते काढून घ्यायला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आम्हा रेल्वेवाल्यांचा एक मूळ नियम आहे. दोन स्टेशनांमधला जो ब्लॉक सेक्शन, त्यात एका लाईनवर एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय मागचे स्टेशन गाडी सोडत नाही. आणि पुढचा स्टेशन मास्तर लाईन क्लिअर कधी देतो? आधीची गाडी पूर्ण आली हे बघून. पूर्ण आली हे कशावरून? शेवटच्या डब्याच्या पाठीवर 'एल व्ही' अशी पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती पाटी दिसली पाहिजे. इंजिन आले, चाळीस वाघिणी आल्या, पण पाटी दिसली नाही, तर काही डबे सुटून मागे सेक्शनमध्येच उभे असतील. अशा वेळी दुसरी गाडी सोडली तर काय होईल ते सांगायला नको.

आपले मन ही अशीच एकेरी लाईन आहे. आपल्याला वाटते आपण दोन कामे एकदम करतो. एक ना धड भाराभर चिंध्या, हे आजी सांगत असे. आपण दोन कामे एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. आणि प्रत्येक उडीत मागच्या गाडीचे चार डबे सेक्शनमध्येच राहतात. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली हेच दाखवले. एक काम अर्धवट असताना माणसाला दुसऱ्या कामावर नेले तर त्याचे थोडे लक्ष पहिल्या कामातच अडकून राहते आणि दुसरे काम बिघडते. त्या लक्षाच्या अवशेषाबद्दल बोलतात. मी त्याला म्हणतो, शेवटचा डबा आला नाही. मी फोन खाली ठेवला होता, नजर रुळावर होती, पण विनोदाचा शेवटचा डबा अजून आत यायचा होता. तेवढ्यात खट् आला.

कॅलिफोर्नियातच ग्लोरिया मार्क नावाच्या प्राध्यापिका आहेत. कचेरीत बसून माणसे संगणकाच्या एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजले. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटे. २०१२ च्या सुमारास सव्वा मिनिट. अलीकडच्या काही वर्षांत पाऊण मिनिटाच्या आसपास. आणि मध्येच कुणी व्यत्यय आणला तर माणूस हातातल्या मूळ कामाकडे परत यायला सरासरी तेवीसेक मिनिटे जात, कारण मध्ये तो आणखी दोन कामे करून येतो. हे अमेरिकेतल्या कचेऱ्यांचे आकडे आहेत, आपल्या लोको शेडचे नाहीत. पण आपण फार वेगळे असू असे मला वाटत नाही. व्यत्यय फक्त बाहेरून येतो असेही नाही. मार्कबाईंचे म्हणणे असे की पुष्कळदा माणूस स्वतःच स्वतःला थांबवतो. फोन वाजलेला नसताना उचलून बघतो. हे ऐकून मला जरा बरे वाटले, कारण मी समजत होतो हा रोग मलाच आहे.

हा रोग जडतो कसा, तेही थोडक्यात सांगतो. पुस्तकाला पान संपण्याची जागा असते, पेपर संपतो, जुना टीव्ही सुद्धा रात्री बंद व्हायचा. २००६ साली अझा रस्किन नावाच्या तरुणाने अशी सोय तयार केली की संगणकावरचे पान संपतच नाही, बोट सरकवत राहा, खालून नवीन येत राहते. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणजे ही अशी लाईन आहे जिला ना होम सिग्नल, ना स्टेशन. दुसरे म्हणजे, बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोटापुरते खाऊन थांबते. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल तर ते चोच मारतच राहते. तुमच्या आमच्या फोनवर वीस निरर्थक संदेश येतात आणि एकविसावा भाच्याला नोकरी लागल्याचा येतो. म्हणून आपण चोच मारत राहतो. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलाबरोबर सुप्रभात पाठवणारी काही वडीलधारी मंडळी इथे समोरच बसली आहेत, तेव्हा हा फक्त मुलांचा प्रश्न आहे असे कृपया समजू नये.

काही भीती मात्र निराधार आहेत. माणसाचे लक्ष आता गोल्डफिश माशापेक्षाही कमी, आठ सेकंदांवर आले आहे, असे एक वाक्य सगळीकडे फिरते. त्याला काही आधार नाही, माशाच्या बाबतीत नाही आणि माणसाच्याही नाही. इंटरनेटने मेंदू कायमचा बिघडतो असेही सिद्ध झालेले नाही. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या काही लोकांनी दाखवले होते की फोन बंद करून नुसता टेबलावर ठेवला तरी माणसे चाचणीत कमी पडतात, दुसऱ्या खोलीत ठेवला तर बरी करतात. पण पुढे इतरांनी तपासून पाहिले तेव्हा सगळ्यांना तोच निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. मला स्वतःला विचाराल तर रूळ वाकला आहे, तुटलेला नाही. वाकलेला रूळ आम्ही सरळ करतो, ते आमचे रोजचे काम आहे.

आता घरचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी दहावीला होती. रसायनशास्त्राचे पुस्तक उघडे आणि शेजारी फोन. मी एकदा जेवताना चांगलाच भडकलो. एकाग्रता, परिश्रम, आमच्या वेळी कंदिलात अभ्यास, सगळे झाले. कंदील खोटा होता, आमच्याकडे वीज होती. ती काही बोलली नाही. तीन-चार दिवसांनी तिने वहीचे मागचे पान दाखवले. त्यावर रेघा होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आम्ही स्लीपर मोजतो तशा. म्हणाली, "बाबा, हे तुमचे. जेवताना तुम्ही किती वेळा फोन बघता ते मी मांडले. सोमवारी अकरा, मंगळवारी नऊ, काल चौदा. काल तुम्ही मला विचारले की पेपर कसा गेला, आणि मी सांगत असताना फोन बघितलात. मग पुन्हा विचारले, पेपर कसा गेला."

तिथेही खट् झाला होता. मी ऐकला नव्हता.

म्हणून मग आम्ही घरी ब्लॉक घ्यायला सुरुवात केली. रेल्वेत ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवून रुळाचे काम करायचे. गाड्या चालू ठेवून स्लीपर बदलता येत नाही, हे ट्रॅफिकवाल्यांना पटवताना आमचे आयुष्य जाते. घरी संध्याकाळी साडेसात ते नऊ ब्लॉक. चौघांचे फोन दारामागच्या फळीवर, एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात. माझी नोकरी अशी की मला रात्री-बेरात्री बोलावणे येते, त्यासाठी साधा बटणांचा फोन चालू असतो. त्यावर फक्त फोन येतो, विनोद येत नाही.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले, हे कबूल करतो. मुलगा डब्याभोवती घिरट्या घालायचा. सौ. म्हणाली, "माझी मालिका तरी बघू द्या." त्यावर वाटाघाटी झाल्या, मालिका टीव्हीवर बघायला परवानगी, फोनवर नाही. मी एक जाड मराठी कादंबरी काढून बसलो, जी पाच वर्षे कपाटात होती. पहिल्या दिवशी चार पाने झाली. डोळे ओळीवरून जात होते, पण पानाच्या तळाशी पोचलो की वर काय होते ते आठवत नव्हते. डिप्लोमाच्या वेळी हाच माणूस सर्व्हेइंगचे पुस्तक तीन-तीन तास वाचायचा. तेव्हा खरोखर भीती वाटली, त्या रुळापेक्षाही जास्त. चाबीवाल्यासारखे सुचले म्हणून एक केले, थोडे थोडे मोठ्याने वाचू लागलो. शेजाऱ्यांना वाटले पोथी चालू आहे. महिनाभराने वीस पाने जाऊ लागली. आता तीस जातात, कधी दहाच जातात. ब्लॉकही दर वेळी यशस्वी होत नाही. क्रिकेटचा सामना असला की मुलगा काहीतरी तांत्रिक बिघाड काढतो, आणि गेल्या आठवड्यात तर मीच डब्यातून फोन काढताना सापडलो. मुलीने रेघ मारली.

मुलीला गुण किती पडले, असे कुणीतरी विचारणारच. बरे पडले. ब्लॉकमुळे पडले की तिच्या कष्टाने, ते मला वेगळे काढता येत नाही, आणि काढायचेही नाही. माझ्यासाठी एवढे झाले की त्या दीड तासात ती आपण होऊन बोलते. शाळेतल्या एका बाईंशी तिचे बिनसले होते, ती गोष्ट सहा महिने घरात कुणाला ठाऊक नव्हती. ती अशाच एका संध्याकाळी, भाजी निवडताना, सहज निघाली.

कामावर मी आता फोन ट्रॉलीच्या मागच्या पेटीत ठेवतो, झेंड्यांच्या खाली. फोटो पाहिजे असेल तर ट्रॉली थांबवून, रुळावरून उतरवून काढतो. उशीर होतो, ग्रुपवर विचारणा होते. मी उत्तर देतो, पण स्टेशनवर गेल्यावर. माझ्या हाताखालच्या दोघा ज्युनियर इंजिनियरांना आज ही गोष्ट पहिल्यांदा कळली, आता सोमवारी ते माझ्याकडे कसे बघतात ते कळेलच. बघू द्या. त्यांनाही ट्रॉलीवर बसायचे आहे आणि जानेवारी दर वर्षी येतो.

जाता जाता एक सूचना सांगायला सचिवांनी सांगितले आहे. उद्या सकाळी आठ वाजता अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने आहेत. दीड-दोन तास लागतील. दाराशी एक ताट ठेवले जाईल, फोन त्यात ठेवावेत. चपला हरवतात तसे फोन हरवू नयेत म्हणून आमच्या दोन ट्रॅकमननी राखण करायचे कबूल केले आहे, त्यांच्याकडे लाल झेंडीही असेल. ड्यूटीवर असणाऱ्यांनी आपला फोन त्यांच्या हातात वेगळा द्यावा, बोलावणे आले तर ते आत येऊन सांगतील. कितवे आवर्तन चालू आहे ते मोजायला या वेळी फोन नसेल, म्हणून एकवीस सुपाऱ्या ठेवल्या आहेत.

अध्यक्ष महोदय मघापासून खाली बघत आहेत. हातातल्या घड्याळाकडे की आणखी कशाकडे, ते इथून नीट दिसत नाही. तेव्हा मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया.